वटण्याआधीचे दिवस

१७ जानेवारी २०२१ ची वर्तमानपत्रे ज्यांनी जपून ठेवली असतील, त्यांनी ती एकदा पुन्हा उघडून पाहावीत. पहिल्या पानावर बाही वर केलेली माणसे दिसतील. आदल्या दिवशी देशात कोरोनाविरुद्धची लसटोचणी सुरू झाली होती आणि दिल्लीच्या एम्समध्ये पहिली लस एका सफाई कर्मचाऱ्याला मिळाली होती. गावोगावच्या रांगांत डॉक्टर होते, सिस्टर होत्या, वॉर्डबॉय आणि आया होत्या, रुग्णवाहिकेचे चालक होते. ज्यांच्यासाठी आपण २२ मार्च २०२० च्या संध्याकाळी गॅलरीत उभे राहून थाळ्या वाजवल्या होत्या, तीच ही माणसे. दहा महिने त्यांनी छातीचा कोट करून रोग थोपवला. आता त्यांच्या दंडात सुई गेली आणि आपणच सुटल्यासारखा निःश्वास आपण टाकला.

पुढच्या चार-सहा आठवड्यांत त्याच माणसांबद्दल एक वेगळे वाक्य कानावर येऊ लागले. दुधाच्या केंद्रावर, जिन्यात, फोनवर, लग्नाच्या आटोपशीर पंगतीत, सगळीकडे तेच : ‘अहो, लस घेऊनही झालाच की!’ अमुक रुग्णालयातल्या डॉक्टरांना झाला, तमुक दवाखान्यातल्या सिस्टरला झाला. बातम्या खोट्या नव्हत्या. लस घेतल्यानंतर थोड्याच दिवसांत आरोग्य कर्मचाऱ्यांना लागण झाल्याची उदाहरणे खरोखरच घडत होती. प्रश्न आहे तो त्या बातमीतून आपण काय अर्थ काढला याचा. काहींनी काढला, ‘लस बोगस आहे.’ काहींनी काढला, ‘लसीनेच झाला.’ आणि काहींनी, सगळ्यांत वाईट म्हणजे, ‘यांनीच काहीतरी हयगय केली असणार’ असा काढला. तिन्ही अर्थ चुकीचे होते. आज साथ ओसरून गेली आहे, जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले त्यालाही काळ लोटला. डोके शांत असताना हा हिशेब एकदा नीट मांडून पाहायला हवा.

चेक भरला म्हणजे पैसे आले नव्हेत

माझ्या नोकरीची तीस-बत्तीस वर्षे बँकेच्या काउंटरच्या आतल्या बाजूला गेली. त्या वर्षांत एक संवाद मी हजारदा तरी ऐकला असेल. बाहेरगावचा चेक खात्यात भरून गेलेला गृहस्थ दुसऱ्या दिवशी पैसे काढायला येई. पैसे मिळत नाहीत म्हटल्यावर खिशातून शिक्का मारलेली स्लिप काढून दाखवी. ‘हे पाहा, कालच भरलाय.’ त्याला समजावून सांगावे लागे की, चेक भरणे वेगळे आणि वटणे वेगळे. मधल्या दिवसांत तो चेक पोस्टाने त्या गावी जातो, तिथल्या शाखेत तपासला जातो, मग पैसे येतात. तोवर खात्यात आकडा दिसला तरी तो खर्चायचा नसतो. बहुतेकांना हे पटे. काही जण मात्र ‘तुमची बँकच बुडीत’ असे म्हणून जात.

लसीचे गणित याहून फारसे वेगळे नाही. सुई टोचली त्या क्षणी शरीराला मिळते ती फक्त शत्रूची ओळख. कोविशिल्डमध्ये चिंपांझीच्या एका निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या पाठीवर कोरोनाच्या काट्याचा आराखडा बसवून पाठवला होता. कोव्हॅक्सिनमध्ये कोरोनाचा विषाणूच, पण मारलेला. दोन्हींपैकी एकातही रोग निर्माण करण्याची ताकद नव्हती. ही ओळख पटल्यावर शरीराच्या पेशी कामाला लागतात. योग्य त्या पेशी निवडल्या जातात, त्यांची संख्या वाढते, त्या प्रतिपिंडे तयार करू लागतात आणि काही पेशी ती आठवण जपून ठेवतात. या कारभाराला दहा-बारा दिवस लागतात आणि तेव्हाही जे हाती येते ते अर्धेमुर्धेच असते. दुसऱ्या डोसनंतर तीच फौज अधिक जोमाने आणि अधिक लवकर उभी राहते. म्हणून दुसऱ्या डोसनंतर आणखी दोन आठवडे गेल्यावरच पुरते संरक्षण मिळते असे मानले गेले.

आता दुसऱ्या बाजूला विषाणूचे वेळापत्रक पाहू. कोरोनाचा विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत सरासरी पाच दिवस जात, क्वचित चौदा. म्हणजे लस घेण्याच्या आदल्या दिवशी ज्याला लागण झाली, त्याला लस घेतल्यानंतर चौथ्या दिवशी ताप येणार. लस घेतल्यावर तिसऱ्या दिवशी ज्याला लागण झाली, त्याला आठव्या दिवशी. दोन्ही वेळा लस अजून वाटेतच असणार.

यावर एक शहाणा प्रश्न येतो. कुत्रा चावल्यावर आपण लस घेतो आणि ती उपयोगी पडते, मग इथे का नाही? त्याचे उत्तरही वेळापत्रकातच आहे. रेबीजचा विषाणू चावलेल्या जागेपासून मज्जातंतूंच्या वाटेने मेंदूकडे जातो आणि त्याला बहुधा कित्येक आठवडे लागतात. त्या शर्यतीत वेळेवर घेतलेली लस पुढे जाऊ शकते. कोरोनाशी शर्यत पाच दिवसांची. तिथे उशिरा निघालेली लस मागेच राहणार.

आपल्या आजी-आजोबांना ही गोष्ट कोणी समजावून सांगावी लागत नव्हती. देवी काढल्यावर टोचणीची जागा उठली की नाही हे पाहायला आठवड्याभराने पुन्हा तपासणी होई. फोड दिसला तर लस ‘लागली’, नाही तर पुन्हा टोचायची. टोचणे आणि लागणे यांच्यामध्ये काही दिवस असतात, हे त्या पिढीने स्वतःच्या दंडावर पाहिले होते. आमच्या वयाच्या माणसांच्या दंडावर तो व्रण अजून आहे. त्यामागची समज मात्र कुठेतरी हरवली.

आकडे काय सांगतात

समज बाजूला ठेवू आणि आकड्यांकडे वळू. बँकेतल्या माणसाला त्यांच्याशिवाय चैन पडत नाही.

अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो आणि लॉस एंजेलिस येथील रुग्णालयांनी आपल्या कर्मचाऱ्यांचा हिशेब मार्च २०२१ मध्ये प्रसिद्ध केला. १६ डिसेंबर २०२० ते ९ फेब्रुवारी २०२१ या काळात तिथे ३६,६५९ जणांनी पहिला डोस घेतला आणि त्यांपैकी २८,१८४ जणांनी दुसरा. लस घेतल्यानंतर एका दिवसापासून पुढे ३७९ जणांची चाचणी बाधित आली. ऐकायला आकडा मोठा वाटतो. पण त्यांतल्या ७१ टक्के लोकांना ही लागण पहिल्या डोसनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत झालेली आढळली. दोन्ही डोस झाल्यावर बाधित आढळले फक्त ३७. त्यांतले २२ दुसऱ्या डोसनंतरच्या पहिल्या आठवड्यात, आठ दुसऱ्या आठवड्यात आणि त्यानंतर फक्त सात. ३७९ पासून सातपर्यंतची ही उतरंड पाहिली की, लस कशी आणि केव्हा वटते हे शब्दांवाचून कळते.

इस्रायलमध्ये तेल अवीवजवळच्या शेबा वैद्यकीय केंद्रातही असेच दिसले. तिथे १९ डिसेंबर २०२० पासून लसटोचणी सुरू झाली आणि २४ जानेवारी २०२१ पर्यंत १७० कर्मचारी बाधित झाले. त्यांतले ८९ लस न घेतलेले, ७८ पहिला डोस घेतलेले आणि तीन दुसरा डोस घेतलेले. फायझरच्या लसीच्या मूळ चाचणीचा जो आलेख डिसेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध झाला, त्यातही खरी लस आणि खोटी लस घेतलेल्यांच्या दोन रेषा पहिले सुमारे बारा दिवस एकमेकींना चिकटूनच चालतात. बाराव्या दिवसाच्या सुमारास त्या विलग होतात. खोटी लस घेतलेल्यांची रेषा चढत जाते, खरी लस घेतलेल्यांची जवळजवळ आडवी होते. पहिल्या बारा दिवसांत संरक्षण नाही, ही गोष्ट लस येण्यापूर्वीच शास्त्रज्ञांना ठाऊक होती. तिच्यात लपवण्याजोगे काही नव्हते, लाजण्याजोगेही काही नव्हते.

आपल्या मुंबईला तर ही गोष्ट सव्वाशे वर्षांपूर्वीच ठाऊक झाली होती. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी प्लेगचे निदान केले आणि सारे शहर हादरले. ग्रँट मेडिकल कॉलेजात वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. हाफकिन यांनी तिथल्या स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना लस दिली. टोचणीच्याच दिवशी त्यांतल्या काहींना प्लेग झाल्याचे दिसले आणि ते दगावले. हाफकिन यांनी ही गोष्ट लपवली नाही आणि लसीच्या नावेही टाकली नाही. टोचण्यापूर्वीच ज्यांच्या अंगात रोग होता, त्यांची नोंद त्यांनी निराळी ठेवली आणि मग पुढच्या दिवसांत टोचलेल्या आणि न टोचलेल्या कैद्यांची तुलना केली. टोचलेल्यांत रोग कितीतरी कमी आढळला. परळला ज्या संस्थेला १९२५ पासून त्यांचे नाव आहे, तिच्यावरून आपल्यापैकी कित्येक जण रोज गेले असतील. नोंद निराळी ठेवण्याचा तो धडा मात्र २०२१ मध्ये आपल्या कामी आला नाही.

वेळ का चुकली

मग आरोग्य कर्मचाऱ्यांच्याच वाट्याला हे इतके का आले? कारण सरळ आहे. लस पहिल्यांदा त्यांना मिळाली आणि ती मिळाली तेव्हा ते रोगाच्या तोंडाशी उभे होते. तुम्हीआम्ही लस घेऊन घरी येऊन पडलो. ते लस घेऊन वॉर्डात गेले.

महाराष्ट्रात तर तारखाच त्यांच्या विरोधात गेल्या. पहिला डोस १६ जानेवारीला. दुसरा अठ्ठावीस दिवसांनी, म्हणजे अगदी पहिल्या दिवशी लस घेतलेल्यालाही १३ फेब्रुवारीला. त्यावर दोन आठवडे धरले तर पुरते संरक्षण २७ फेब्रुवारीपासून. याचा अर्थ, २७ फेब्रुवारी २०२१ पूर्वी या देशात सरकारी मोहिमेतून लस घेतलेला एकही आरोग्य कर्मचारी पूर्णपणे सुरक्षित झालेला नव्हता. आणि अमरावतीत दुसऱ्या लाटेमुळे टाळेबंदी लागली ती २२ फेब्रुवारीला. लाट पाच दिवस आधीच दारात आली होती. ज्यांना जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीत पहिला डोस मिळाला, त्यांचे संरक्षण पुरे होईतो मार्च उजाडला. १८ एप्रिलला राज्यात एका दिवसात ६८,६३१ रुग्ण नोंदले गेले. पुढे ज्याला ‘डेल्टा’ म्हटले गेले तो अधिक वेगाने पसरणारा अवतार तोवर मूळ धरून बसला होता.

माझी एक भाची एका मोठ्या रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. तिने फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात पहिला डोस घेतला आणि नवव्या दिवशी ती बाधित निघाली. त्याआधी लसीच्या रात्री तिला ताप आला होता, तेव्हा ‘लसीचा ताप आहे, उतरेल’ असे सगळ्यांनी सांगितले आणि तो उतरलाही. नवव्या दिवशी पुन्हा कणकण आली, तेव्हाही पहिले उत्तर तेच मिळाले. तिनेच हट्टाने चाचणी करून घेतली. मी फोन केला तेव्हा म्हणाली, ‘मामा, लस दंडात होती आणि पेशंट समोर. तिसऱ्या दिवशीही मी त्याच वॉर्डात होते.’ आजारापेक्षा तिला दुसरीच गोष्ट लागली होती. सोसायटीच्या ग्रुपवर कोणीतरी लिहिले होते की, लस घेतलेली नर्ससुद्धा आजारी पडते, तर आपण कशाला घ्यायची? तिचा आजार म्हणजे लसीविरुद्धचा पुरावा झाला होता. ‘मी बरी होऊन पुन्हा त्याच वॉर्डात जाईन,’ ती म्हणाली, ‘पण माझ्या नावावर कोणाची तरी लस चुकली, तर ते मी कुठे भरून काढू?’

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. तिच्यासारख्या हजारो जणींच्या वाट्याला तो आला असणार.

दोन वह्या, दोन बेरजा

लोकांचा गोंधळ उडायला केवळ अफवाच कारण होत्या असे म्हणता येणार नाही. अधिकृत आकड्यांनीही थोडा हातभार लावला. २१ एप्रिल २०२१ रोजी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने लस घेतलेल्यांपैकी किती जणांना लागण झाली ते जाहीर केले. कोविशिल्डचे दोन्ही डोस घेतलेल्या १ कोटी ५७ लाख ३२ हजार ७५४ जणांपैकी बाधित ५,०१४, म्हणजे ०.०३ टक्के. कोव्हॅक्सिनसाठी ०.०४ टक्के. दहा हजारांत दोन ते चार. आरोग्य कर्मचारी आणि पहिल्या फळीतले लोक धोक्यात अधिक असल्याने हे प्रमाण किंचित वाढलेले असू शकते, असेही तेव्हा सांगण्यात आले.

आता दुसरी वही उघडू. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने आपल्या १०,६०० कर्मचाऱ्यांचा हिशेब ठेवला. त्यांतल्या ८,९९१ जणांनी २१ जानेवारी ते ३० एप्रिल २०२१ या काळात लस घेतली, बहुतेकांनी कोविशिल्ड. फेब्रुवारीच्या अखेरीपासून मेच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत, म्हणजे लाट ऐन भरात असताना, दोन्ही डोस झालेल्या ७,०८० जणांपैकी ६७९ बाधित झाले. हे ९.६ टक्के झाले. ०.०३ कुठे आणि ९.६ कुठे!

दोन्ही आकडे खरे आहेत. फरक वहीचा आहे. पहिल्या वहीत देशभरचे सगळे लस घेतलेले लोक आहेत. काल-परवा दुसरा डोस घेतलेला माणूसही त्यात आहे, घराबाहेर न पडलेलाही आहे आणि ज्याची कधी चाचणीच झाली नाही तोही बाधित नसलेल्यांतच धरला गेला आहे. दुसरी वही एकाच संस्थेची. तिथे माणसे मोजकी, सगळी ओळखीची, रोज रोगासमोर उभी आणि शंका आली की तपासली जाणारी. कुठल्याही शाखेच्या तपासनिसाला विचारा, विश्वास कोणत्या वहीवर ठेवायचा ते तो डोळे मिटून सांगेल.

आणि वेल्लोरच्या वहीचे पुढचे पान अधिक महत्त्वाचे आहे. लस न घेतलेल्या १,६०९ कर्मचाऱ्यांपैकी ४३८ बाधित झाले, म्हणजे २७ टक्क्यांहून अधिक. त्यांतल्या ११ जणांना प्राणवायू लावावा लागला. दोन्ही डोस घेतलेले चौपटीहून जास्त होते, तरी त्यांच्यातल्या चौघांनाच प्राणवायू लागला आणि दोघांनाच अतिदक्षता विभागात न्यावे लागले. त्यांच्यात मृत्यू एकही नाही. त्या काळात संस्थेतला जो एक कर्मचारी दगावला, त्याने लस घेतलेली नव्हती. सैन्यदलांच्या वैद्यकीय सेवेने सुमारे १५ लाख ९० हजार जवान आणि कर्मचाऱ्यांचा अभ्यास केला, त्यातही मृत्यूचे प्रमाण ९८ टक्क्यांनी घटल्याचे जुलै २०२१ मध्ये सांगण्यात आले.

तेव्हा सांगायला हवे होते ते इतकेच की, लागण होऊ शकते, पहिल्या काही आठवड्यांत तर सहज होऊ शकते, पण मरण बहुधा टळेल. ‘दहा हजारांत तीन’ असे सांगितले गेले आणि ज्याच्या इमारतीतले तिघे लस घेऊन आजारी पडले, त्याचा त्या आकड्यावरचा विश्वास उडाला. आकडा फार गोड निघाला की गिऱ्हाईक संशय घेते, हा बँकेतला अनुभव इथेही लागू पडला.

न्यायाने हेही सांगितले पाहिजे की, योग्य ती गोष्ट सांगितली गेलीच नाही असे नाही. मोहीम सुरू करताना पंतप्रधानांनी दुसऱ्या डोसनंतर दोन आठवड्यांनी शक्ती येईल असे सांगितले होते. त्याआधी, डिसेंबर २०२० मध्ये, हरियाणाचे तेव्हाचे आरोग्यमंत्री अनिल विज कोव्हॅक्सिनच्या चाचणीतली पहिली सुई घेतल्यावर पंधरवड्याने बाधित झाले, तेव्हा कंपनीने हाच खुलासा केला होता. शिवाय त्या चाचणीत निम्म्या लोकांना खरी लस आणि निम्म्यांना खोटी दिली जात होती, त्यामुळे त्यांना काय मिळाले हे कोणालाच ठाऊक नव्हते. पण बातमीचा मथळा राहिला तो ‘लस घेतलेल्या मंत्र्यांना कोरोना’ एवढाच. खुलासा आतल्या पानावर गेला. एकदा सांगणे म्हणजे सांगणे नव्हे, हे जाहिरातवाल्यांना कळते, आरोग्य खात्याला अजून शिकायचे आहे.

पुढच्या वेळेसाठी

यातून पुढे काय करायचे? माझ्या मते तीन गोष्टी, आणि तिन्ही आवाक्यातल्या आहेत.

पहिली गोष्ट कागदाची. लस घेतल्यावर जे प्रमाणपत्र मिळाले त्यावर पुढच्या डोसची तारीख होती. त्याच कागदावर ‘पुरते संरक्षण अमुक तारखेपासून’ अशी एक ओळ ठळक छापली तर? डोसची तारीख माणूस विसरत नाही, कारण ती कागदावर असते. संरक्षणाची तारीखही तशीच पाठ होईल. ‘लस घेऊनही झाला’ याऐवजी ‘तारखेच्या आधीच झाला’ असे लोक म्हणतील. एका ओळीने अफवांचे अर्धे पीक कापले जाईल.

दुसरी गोष्ट कामाच्या पाळ्यांची. लस दिलेल्या कर्मचाऱ्याला त्या मधल्या दिवसांत, जिथे मनुष्यबळ असेल तिथे, कमी धोक्याच्या वॉर्डात ठेवता येईल. जिथे मनुष्यबळ नसेल, आणि आपल्याकडे ते बहुधा नसतेच, तिथे निदान मास्क आणि पोशाखात कसूर होता कामा नये. लसीच्या एक-दोन दिवसांनंतरचा ताप हा लसीचा म्हणून सोडून देता कामा नये, चाचणी झालीच पाहिजे. आजारी पडलेल्याची रजा कापली जाऊ नये. कायम नोकरीतल्या डॉक्टरला हे सगळे कदाचित मिळेलही. कंत्राटावरच्या सफाई कामगाराला, तुटपुंज्या मानधनावर दारोदार फिरणाऱ्या आशाताईला ते मिळेल का, हा खरा प्रश्न आहे. पहिली लस सफाई कर्मचाऱ्याला देण्यातला मोठेपणा त्याच्या आजारपणाच्या रजेपर्यंत पोचला, तरच तो मोठेपणा.

तिसरी गोष्ट मोजदादीची. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारने राज्यसभेत कोरोनाने दगावलेल्या डॉक्टरांचा आकडा १६२ सांगितला. इंडियन मेडिकल असोसिएशनने लगेच हरकत घेतली. त्यांच्या यादीत सातशेहून अधिक नावे होती. डॉक्टरांची तरी यादी करणारी संघटना होती. सिस्टर, वॉर्डबॉय, प्रयोगशाळेतले तंत्रज्ञ, शववाहिकेवरचे लोक यांची यादी कोणी केली? मार्च २०२० मध्ये पन्नास लाखांचे विमा कवच जाहीर झाले, ते चांगलेच झाले. पण खासगी दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरांच्या विधवांना ते मिळवण्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागली. दाव्यासाठी दाखला लागतो, दाखल्यासाठी नोंद लागते. ज्याची नोंद नाही तो माणूस कागदावर कधी नव्हताच. वहीत न लिहिलेली रक्कम बुडते, हे मी आयुष्यभर पाहिले. माणसांच्या बाबतीत तसे होऊ देणे योग्य नाही.

सौम्य आजार म्हणजे काहीच नाही, असेही समजू नये. शेबा केंद्रातच नंतर दोन्ही डोस घेतलेले ३९ कर्मचारी बाधित आढळले. बहुतेकांचा आजार सौम्य होता, तरी त्यांच्यातल्या १९ टक्क्यांची लक्षणे सहा आठवड्यांनंतरही रेंगाळली. जानेवारी २०२२ मध्ये ओमायक्रॉनच्या लाटेत आपल्या राज्यातले शेकडो निवासी डॉक्टर बाधित झाले. तेव्हा त्यांचे दोन डोस होऊन बरेच महिने उलटले होते. संरक्षण ओसरले होते आणि विषाणूने रूप बदलले होते. ती निराळी कहाणी. पण तेव्हाही शेरा तोच, ‘दोन-दोन डोस घेऊनही!’ म्हणजे वर्षभरात आपण फारसे शिकलो नव्हतो.

साथी येतात आणि जातात. पुढची केव्हा येईल, कोणत्या विषाणूची असेल, ते आज कोणी सांगू शकत नाही. पण ती आली आणि तिच्यावर लस निघाली की पहिली सुई कोणाच्या दंडात जाईल, हे आजच सांगता येते. ती माणसे सुई घेऊन घरी जाणार नाहीत, पुन्हा वॉर्डातच जातील. त्यांतली काही त्या मधल्या दिवसांत आजारी पडतील. तेव्हा आपल्या घरात कोणी ‘लस घेऊनही झालाच की’ म्हणाले, तर त्याला इतकेच सांगावे की, चेक अजून वटायचा आहे. आणि मग फोन उचलून त्या माणसाला विचारावे, डबा पाठवू का?